आशीर्वाद आणि शेजार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त टावर चौक, उज्जैन येथे दिलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी तृतीयपंथीयांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय घरचा आहे म्हणून, एवढेच माझे उत्तर.

२०१६ च्या सिंहस्थात आपल्या नगरीने एक नवल पाहिले. आदल्याच वर्षी येथे स्थापन झालेल्या किन्नर आखाड्याची पेशवाई वाजतगाजत निघाली. (साधूंच्या मिरवणुकीला तेव्हा पेशवाई म्हणत, हे ऐकून आपल्या पुण्याकडच्या पाहुण्यांना नेहमीच गंमत वाटे.) आखाडा परिषदेने या चौदाव्या आखाड्याला मान्यता दिली नाही, तरी दर्शनाला लोकांची रीघ लागली. आता त्याच भाविकांच्या दारी एखादी किन्नर भाड्याने खोली मागायला गेली असती, तर ती मिळाली असती काय? बारशाला आणि लग्नाला यांचा आशीर्वाद हवा, शेजार मात्र नको, अशी आपली रीत आहे.

आखाड्याच्या आचार्य महामंडलेश्वर लक्ष्मीनारायण त्रिपाठी या ठाण्याच्या. त्यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन २०१२ साली मराठीत आले. गुरूकडून दीक्षा घेणारा सहसा घराला पारखा होतो. येथे आईवडिलांनी दार लावले नाही. कर्मठ ब्राह्मणाचे घर, मोठा गोतावळा, आणि थोरला मुलगा! तरीही लेकरू घरचेच राहिले. याउलट श्रीगौरी सावंत पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढल्या आणि तरुणपणीच त्यांना घर सोडून मुंबई गाठावी लागली. पुढे त्यांनी एका पोरक्या मुलीला वाढवले. घर सुटलेल्या बाईने दुसऱ्याच्या लेकराला घर द्यावे, यावर भाष्य ते काय करावे?

दोन्ही वडिलांच्या मनाची तुलना मी करीत नाही. बाप एकटा निर्णय घेत नसतो. त्याच्या पाठीशी "लोक काय म्हणतील" हे वाक्य उभे असते, आणि ते लोक म्हणजे या सभेत बसलेले आपणच. हळदीकुंकवाला त्या आईला बोलावणे जाते की नाही, धाकट्या बहिणीचे स्थळ आपण 'त्या घरातले' म्हणून परत पाठवतो की काय, येथेच त्या मुलाचे भवितव्य ठरते. पंधराव्या वर्षी घर सुटले की शाळा सुटते, शाळा सुटली की टाळी वाजवून मागणे उरते. आणि मग आपणच म्हणतो, यांना कष्ट नकोत!

सरकारदरबारी गोष्टी पुष्कळ हलल्या. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांची नोंदवही ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी यांना तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली. त्या खटल्यात गौरीताई आणि लक्ष्मी दोघीही होत्या. २०१९ च्या कायद्याने तर आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क लिहून दिला आणि घराबाहेर काढणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद सांगितली. पण बापाला कैदेत पाठवून कोणत्या लेकराला घर मिळते? २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली. ती सगळी कोणाच्या ना कोणाच्या घरी जन्मलेली आहेत.

आपला न्यास शिष्यवृत्त्या देतो. अर्जात 'कुमार' आणि 'कुमारी' असे दोनच रकाने आहेत, आणि शालान्त प्रमाणपत्रावरील नाव जुळले नाही तर अर्ज बाद होतो. तिसरा रकाना घालावा, जिल्हाधिकाऱ्यांचे ओळखपत्र ग्राह्य धरावे, आणि घर सुटलेल्या विद्यार्थ्याला पालकाच्या सहीची अट नसावी, अशी माझी सूचना आहे. दुरुस्त केलेला नमुना मी चिटणीसांकडे दिला असून तो येत्या बैठकीत ठेवावा, अशी विनंती करतो.