किलोमीटरमागे अमुक रुपये
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)

पारा ३५ वर गेला म्हणून युरोपात एक चालण्याचा कार्यक्रम बंद करावा लागला, असं नागपुरात कुणाला सांगितलं तर समोरचा आधी हसतो. आपल्याकडे नवतप्यात ३५ अंश आले, तर लोक कूलर बंद करून गच्चीवर गाद्या टाकतील. पण २००६ च्या जुलै महिन्यात नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात, ३५ अंशांच्या आसपासच्या उन्हात, पहिल्याच दिवशी चालणाऱ्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. शेकडो लोक आजारी पडले. त्या रात्री आयोजकांनी उरलेले तीनही दिवस रद्द केले.

या चालीचं नाव ‘फीरदाखसे’, म्हणजे चार दिवसांची चाल. ती १९०९ साली सुरू झाली, सैनिकांसाठी. हळूहळू नागरिक येऊ लागले आणि आता जगभरातून चाळीस हजारांच्या आसपास माणसं जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी तिथे हजर होतात. वयाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर चालायचं. पन्नासवाले पहाटे चारला निघतात. सैनिक पाठीवर दहा किलोचं ओझं घेऊन चालतात. शेवटच्या दिवशी शहरात शिरणाऱ्या रस्त्यावर लोक दुतर्फा उभे राहून चालणाऱ्यांच्या हातात ग्लॅडिओलसची फुलं देतात. त्या दिवसापुरतं रस्त्याचं नावही फुलांवरून पडतं. यातले पुष्कळ जण नुसते हौसेने चालत नाहीत. कुणी कर्करोगाच्या संशोधनासाठी, कुणी एखाद्या अनाथाश्रमासाठी, ओळखीच्यांकडून पैसे गोळा करून चालतात. आजचा माझा विषय तोच आहे, दानासाठी चालणं आणि ऊन.

मी २०२२ साली नेदरलँड्समध्येच, आइंडहोवनला नोकरीला होते. तिथे आता मराठी माणसं इतकी आहेत की गणपतीत मोदकांचे साचे कमी पडतात. ऑफिसातल्या आम्ही काही जणांनी त्या वर्षी नाव नोंदवलं, तीस किलोमीटरसाठी. कर्करोगाच्या एका निधीसाठी पैसे जमवायचे ठरलं. डच शाळांत मुलांना लहानपणापासून याची सवय असते. मूल मैदानाला फेऱ्या मारतं आणि आजी-आजोबा, शेजारीपाजारी फेरीमागे काही सेंट देतात. आम्हीही तेच केलं. किलोमीटरमागे अर्धा युरो, एक युरो, एका उदार साहेबांनी दोन. चार दिवसांचे १२० किलोमीटर. हिशेब सोपा आणि देणाऱ्यालाही गंमत वाटणारा.

मग हवामानाचा अंदाज आला. पहिल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी १९ जुलैला, देशाच्या दक्षिण भागात पारा ३९ च्या पुढे जाणार होता, आणि तो गेलाही. आयोजकांनी दोन दिवस आधीच, रविवारी, मंगळवारची चाल रद्द झाल्याचं जाहीर केलं. चाल बुधवार ते शुक्रवार होणार होती. कोरोनामुळे दोन वर्षं ती झालीच नव्हती, त्यामुळे हिरमोड मोठा होता. पण २००६ ची आठवण त्या शहराला आहे. पुन्हा मधेच थांबवण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी सुरुवातच केली नाही.

आमच्या गटात मात्र वेगळीच चर्चा सुरू झाली. १२० चे ९० झाले. उरलेल्या ३० किलोमीटरच्या पैशांचं काय? आमच्यातला एक जण, मूळचा अकोल्याचा, म्हणाला, “लोकांनी १२० किलोमीटरचे पैसे कबूल केलेत. मंगळवारी आपण इथेच, कालव्याच्या कडेने, तीस किलोमीटर चालून हिशेब पुरा करू. एकोणचाळीस म्हणजे काय, आपल्याकडे या उन्हात लग्नाच्या वराती निघतात.”

त्याचा सद्हेतू शंभर टक्के खरा होता. म्हणूनच मला त्या वाक्याची भीती वाटली. एरवी उन्हात माणसाला शरीर सांगतं, थांब, आणि माणूस थांबतो. दुपारी शेतात काम करणारा मजूर झाडाखाली बसतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पण आपल्या प्रत्येक किलोमीटरमागे कुणाच्या औषधाचा युरो बांधलेला आहे असं एकदा मनात बसलं, की थांबणं हा गुन्हा वाटू लागतो. उन्हात जे लोक कोसळतात ते नेहमीच अशक्त नसतात. पुष्कळदा ते जिद्दीचे असतात.

आता शरीरात काय होतं ते थोडं सांगते. स्नायू काम करतात तेव्हा जेवढी ऊर्जा खर्च होते, तिचा साधारण पाव हिस्सा चालण्याच्या कामी येतो. बाकीची नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य साधन घामाचं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की दुसरा मार्ग उरतच नाही. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि गळणारा घाम शरीर थंड करत नाही. म्हणून विदर्भातले कोरडे ४२ अंश आणि नदीकाठच्या दमट मुलखातले ३५ अंश यांची तुलना आकड्यांवरून करू नये.

दुसरी गोष्ट सरावाची. माणूस रोज थोडा थोडा उन्हात वावरला, की एक-दोन आठवड्यांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. पण हे शिक्षण टिकाऊ नसतं. ऊन सुटलं की काही आठवड्यांत ते पुसलं जातं. अकोल्याचा माणूस आइंडहोवनच्या ढगाळ हवेत सहा वर्षं राहिला की शरीराच्या हिशेबाने तो डचच. आणि खरं सांगायचं तर, अकोल्यातच राहून एसी गाडीतून एसी ऑफिसात जाणाराही फारसा वेगळा नसतो.

तिसरी गोष्ट अनेक दिवसांच्या चालीचीच. एका दिवसाची शर्यत संपली की माणूस घरी जाऊन झोपतो. इथे तसं नसतं. तिथली घरं थंडीसाठी बांधलेली, उष्णता धरून ठेवणारी. चालणारे कुणी तंबूत, कुणी कुणाच्या पोटमाळ्यावर मुक्कामाला. रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही, पायाला फोड आलेले असल्यामुळे चाल बदलते आणि तेवढेच किलोमीटर चालायला जास्त कष्ट पडतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी निघणारा माणूस पहिल्या दिवशी निघालेला तोच माणूस नसतो. पहिल्या दिवसाची उष्णता, अपुरी झोप, कमी पडलेलं पाणी हे सगळं उधारीवर घेऊन तो निघतो. पहिलाच दिवस फार कडक गेला तर पुढचे तीन दिवस त्या उधारीवर व्याज चढतं.

पाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे आपला समज अर्धाच बरोबर असतो. भरपूर पाणी प्या, हे खरं. पण तासन् तास नुसतं पाणी पीत राहिलं आणि घामावाटे मीठ जात राहिलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण, पुढे झटके. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी निघालं. पाणी जास्त पिणारे आणि शर्यत पुरी करायला जास्त वेळ घेणारे यांना धोका अधिक होता. चालणारे तर धावणाऱ्यांहून कितीतरी वेळ रस्त्यावर असतात, आणि पाण्याच्या दर टेबलाशी कुणीतरी प्रेमाने ग्लास पुढे करतं. नायमेखनच्या रस्त्यावर लोक काकडीच्या फोडी, खारवलेल्या काकड्या, खारट सूपचे कप घेऊन उभे असतात, ते काही नुसतं आतिथ्य नाही. आपलं जिरं-मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं तेच काम करतं. आणि तहान लागेल तसं प्यावं, पैज लावल्यासारखं नव्हे.

चालीतला सोबती असंबद्ध बोलू लागला, पाय लटपटले, चिडचिड करू लागला, तर त्याचं “मी ठीक आहे” ऐकू नये. उष्माघातात शरीराचं तापमान ४० च्या वर जातं आणि मेंदू निर्णय करायच्या स्थितीत नसतो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्याने भिजवा, वारा घाला, आणि हे करत असतानाच रुग्णवाहिका बोलवा. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा कामाचा असतो. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्यावर मात्र माझा भरवसा नाही. तो भाकरीबरोबर खावा.

मंगळवारी शेवटी आम्ही चाललो नाही. बुधवारी पारा उतरला आणि आम्ही निघालो. गुरुवारी ख्रूसबेकच्या सात टेकड्यांचा रस्ता लागला. त्या चढावर दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. कानठळ्या बसवणारं संगीत तिथे बंद होतं आणि सैनिकांच्या तुकड्या थांबून मानवंदना देतात. शुक्रवारी मास नदीवर सैन्याने टाकलेल्या तात्पुरत्या पुलावरून पलीकडे गेलो. नाव चार दिवसांचं, चाल तीन दिवसांची झाली, पण पदक मिळालं. फोडांची मलमपट्टी रेडक्रॉसच्या मुलांनी केली. हे सगळं फार आनंदाचं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. लोकांनी चालू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही.

आणि त्या तीस किलोमीटरच्या पैशांचं काय झालं? देणाऱ्यांना आम्ही पत्र पाठवून खरं काय ते कळवलं. बहुतेकांनी पूर्ण १२० किलोमीटरचेच पैसे भरले. काहींना आपण किलोमीटरमागे किती कबूल केले होते तेही आठवत नव्हतं. हिशेबाचं ओझं फक्त आमच्या डोक्यावर होतं.

या संदर्भात मला आपल्याच एका पदयात्रेची आठवण येते. ८ मार्च १९५१ ला विनोबा पवनारहून पायी निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी. संमेलन आटोपून ते तेलंगणात फिरू लागले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत गावातल्या दलितांनी जमीन मागितली, ८० एकर. तिथल्या जमीनदार रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली, आणि भूदान सुरू झालं. दिवस बघा, चैत्र-वैशाखाचे, आणि मुलूख तेलंगणाचा. विनोबांचं वय ५५, पोटाचं जुनं दुखणं, आहार बेताचा. तरी ते चालले, कारण ते उजाडायच्या आत निघत आणि ऊन चढायच्या सुमारास पुढच्या गावी पोचत. दुपार सावलीत, लोकांशी बोलण्यात. संध्याकाळी प्रार्थनासभा. त्या उन्हाळ्यात तेलंगणातून बारा हजार एकरांच्या वर जमीन मिळाली. पुढे हे चालणं १९६४ पर्यंत चाललं. कबूल झालेल्या जमिनीपैकी किती खरोखर वाटली गेली, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विनोबांनी मैलामागे एकर मागितले नाहीत. लोक चालण्याकडे बघून दान देत होते, अंतर मोजून नव्हे. म्हणून त्यांना दुपारी थांबता येत होतं.

उन्हाचा धोका चालणाऱ्यांनाच असतो असंही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक श्रद्धेने आले, भर दुपारी उघड्यावर तासन् तास बसून राहिले, आणि त्यातले १४ जण दगावले. तिथेही उठून जायला कुणी मना केलं नव्हतं. पण श्रद्धेने आलेला माणूस मधेच उठत नाही. चांगल्या कामासाठी जमलेल्या माणसांकडून शहाणपणाची अपेक्षा करून चालत नाही, वेळ आणि सावली आयोजकांनीच ठरवावी लागते. कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कुणा एकाच्या हाती आधीपासून असावा, आणि किती तापमानाला तो वापरायचा हे निघण्यापूर्वी लिहून ठेवावं. ऐन वेळी, ढोल वाजत असताना, तो निर्णय कुणाच्याने होत नाही.

आपल्याकडेही आता शाळा, मंडळं, कंपन्या मदतनिधीसाठी पदयात्रा काढू लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. आयोजकांना माझी विनंती एवढीच की शक्य असेल तर ती डिसेंबरात काढा, उन्हाळ्यातच काढायची असेल तर सकाळी नऊला संपवा, आणि देणगीच्या वहीत किलोमीटरचा रकाना छापूच नका. आणि श्रोतेहो, अशी वही कुणी तुमच्यापुढे धरली, तर मनात असेल ती रक्कम एकदाच लिहा, आणि धरणाऱ्याला सांगा की तू अर्ध्या वाटेतून परत आलास तरी हे पैसे तुझ्या निधीचेच आहेत.