घराच्या अंदाजपत्रकातील राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



वास्तुकला हा धनिकांच्या हौसेचा विषय, चळवळीशी तिचा काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. परंतु भिंत उभी राहते तेव्हा तिच्यासाठी खर्चिलेला पैसा कोणाच्या तरी हाती जातो. तो सिमेंट-पोलादाच्या कारखानदाराकडे जावा की गावच्या गवंड्याकडे, हे नकाशाच्या कागदावरच ठरते. म्हणून नकाशा काढणे ही राजकीय कृती आहे. काढणाऱ्याला तिची जाणीव असो वा नसो.

लॉरी बेकर यांना ती जाणीव होती. १९१७ साली बर्मिंगहॅम येथे जन्मलेले बेकर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये शुश्रूषापथकात होते. परतताना बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांच्या परिघात मिळेल त्याच साहित्यातून घर उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. पिठोरागढच्या डोंगरात पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासह अनेक वर्षे काढून ते केरळात आले आणि २००७ साली तेथेच निवर्तले.

त्यांच्या काटकसरीमागे पक्के शास्त्र होते. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या की भिंतीत पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि उन्हाचा तापही कमी होतो. छताच्या खालच्या भागातील काँक्रीट फारसा भार पेलत नाही. तेथे त्यांनी टाकाऊ मंगलोरी कौले बसविली. लाकडी चौकटींच्या खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या ठेवल्या, गिलावा टाळला. अशा कामात कारखान्याच्या मालाचा वाटा घटतो आणि कसबी हातांचा वाढतो. बेकारीने गांजलेल्या देशात हा फरक लहान नाही.

जमिनीशीही त्यांनी असाच व्यवहार केला. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने तिरुवनंतपुरम येथे स्थापन झालेल्या विकास अध्ययन केंद्राच्या आवारात त्यांनी टेकडी सपाट केली नाही. इमारतींनाच उताराबरोबर चढायला आणि झाडांना वळसा घालायला लावले. त्याच शहरातील इंडियन कॉफी हाऊस पाहा. कामगारांच्या सहकारी संस्थेचे हे उपाहारगृह म्हणजे वर चढत जाणारी विटांची एक गोल वाट आहे. बाके आणि मेजे बांधकामातच घडविलेली. हमाल आणि प्राध्यापक तेथे शेजारी बसून कॉफी पितात. पुढे १९८५ साली राज आणि माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्यासारख्या मंडळींबरोबर ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी राहिली आणि एका व्यक्तीच्या कामाला संघटनेचे बळ मिळाले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. गरिबाला सिमेंटचेच घर हवे असते, मग माती-दगडाचा आग्रह हा सुखवस्तूंचा छंद नव्हे काय? आपल्या महाराष्ट्रात या आक्षेपाला फार दुःखद आधार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे मेली, ती बहुतांशी स्वतःच्या घरांखाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, सारे एकदम कोसळले. त्या भिंतींच्या आतल्या-बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, घराला चहूबाजूंनी बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. दोष दगडाचा नव्हता. शास्त्र गरिबाच्या दारापर्यंत पोहोचले नव्हते, हा दोष होता.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी हलविली गेली. घरे मजबूत झाली, परंतु गल्ल्यांनी आणि वाड्यांनी विणलेले गाव अनेक ठिकाणी सरळ रांगांच्या वसाहतीत हरवले. ज्या गावांत मात्र जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, तेथे घरमालकाला स्वतःच्या घराविषयी निर्णय घेता आला. स्थानिक साहित्य, आधुनिक शास्त्र आणि राहणाऱ्याचा अधिकार ही तीन सूत्रे एकत्र आली पाहिजेत. त्यांतील एक सुटले तरी गरिबाचीच फसवणूक होते.

मग आपण मागायचे काय? वास्तुशिल्पज्ञाचे मानधन सामान्यतः एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरते. म्हणजे जो लोकांचा पैसा वाचवील त्याची मिळकत घटते. सार्वजनिक बांधकामात तरी ही पद्धत बदलली पाहिजे. सरकारी दरसूचीत काटकसरीच्या, पण कसोटीस उतरलेल्या बांधकामाला मानाचे स्थान हवे. तालुक्यातालुक्यात गवंड्यांना, आणि डोक्यावर घमेली वाहण्यापलीकडे ज्यांना कोणी काही शिकविले नाही त्या स्त्रियांना, या कौशल्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. आणि घरकुलाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो त्यात राहणाऱ्यांपुढे ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे.

जमिनीच्या हक्कासाठी आपण पुष्कळ मोर्चे काढले. त्या जमिनीवर काय उभे राहते, कोणाच्या हातांनी आणि कोणाच्या मर्जीने उभे राहते, हा त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे. तो तज्ज्ञांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.