बाळाच्या अंगाकडची बाजू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाह बाईंनी मला सांगितले की, "तुमचा हात शिवणात चांगला आहे, तर नव्या बाळासाठी आणि घरासाठी थोडक्या खर्चात काय करता येईल ते चार शब्दांत सांगा." मी सातवी शिकलेली बाई. शाळा सुटल्यापासून लग्न होईतो इचलकरंजीतच मागवाल्यांकडे कांड्या भरल्या, पुढे संसार. सभेत उभे राहण्याची सवय नाही. म्हणून नमुने बरोबर आणून या टेबलावर मांडले आहेत. बोलताना अडखळले तर तुम्ही तिकडे बघा.

आधी कापडाचे सांगते. बाळाला पहिले कपडे जुन्यातले घालावेत, असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगत. कोणी त्याला दृष्टीचे कारण देई, कोणी शकुनाचे. मला त्यातले खरे कारण एवढेच दिसते की, पन्नास वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ दुसरे काही नसते. पूर्वी घरोघर सुती पातळे आणि धोतरे असत, तेव्हा हे सोपे होते. आता ट्रंक उघडली तर दहांतल्या आठ साड्या कृत्रिम धाग्याच्या निघतात, आणि दिसायला त्या सुतासारख्याच असतात. त्याची परीक्षा अशी. साडीच्या काठाजवळून एक धागा ओढावा आणि चिमट्यात धरून ज्योतीवर धरावा. सूत असेल तर कागदासारखे जळते आणि बोटांत चुरगळली तर भुरी राख होते. कृत्रिम असेल तर वितळून आकसते आणि टोकाला कडक मणी होतो. मणी झाला की ती साडी पायपुसण्याला ठेवा, बाळाला नको. तिच्यात घाम जिरत नाही.

ट्रंकेतले कापड असेल तर आणखी एक. कपड्यांत आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. काही बाळांचे रक्त जन्मतःच असे नाजूक असते की, त्या गोळ्यांच्या वासाने ते फुटते आणि कावीळ वाढते. कोणाचे बाळ तसे आहे हे आधी कळत नाही. तेव्हा बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत, आणि असे कापड धुऊन, वास पुरता जाईपर्यंत उन्हात वाळवल्याशिवाय घेऊ नये. नवे कापड घेतले तर त्याला खळ असते. आपल्या गावात हे कोणाला सांगायला नको. ते रात्रभर भिजत घालून, धुऊन, मग बेतावे. आधी कापले तर पहिल्या धुण्याला आटते आणि झबले तोकडे होते.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगावी की नाही याचा मी आठ दिवस विचार करीत होते.

माझी थोरली २००३ सालच्या थंडीत झाली, माझ्या माहेरी. तेव्हा मला लोकरीच्या विणकामाचे फार वेड होते. दुरंगी पायमोजे विणले होते, पांढऱ्यावर लाल फुले. बारशाला आलेल्या बायकांनी ते हातात घेऊन घेऊन पाहिले. माझी आत्या तर म्हणाली, "बाजारात असे मिळायचे नाहीत." दुरंगी विणीत जो रंग वर नसतो त्याचा धागा आतून सैल जातो, हे तुमच्यातल्या विणणाऱ्यांना ठाऊक आहेच. बाहेरून फुले, आतून नुसते धागेच धागे. ते कोण बघतो?

बाळ दीड महिन्याचे असताना एका रात्री जे रडू लागले ते थांबेना. दूध घेईना. आईने पोटाला ओव्याचा शेक दिला, बेंबीभोवती हिंग लावला, घुटी उगाळली. गार पडू नये म्हणून मी पायमोजे आणखी वर ओढले. पहाटे पोर दमून नुसते कण्हत होते. सकाळी न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी पायमोजे काढले आणि म्हणाल्या, "अगं, हे बोट बघ." डाव्या पायाचे अंगठ्याजवळचे बोट जांभळे होऊन द्राक्षासारखे फुगले होते. मुळाशी काहीतरी रुतले होते, पण सुजेत दिसत नव्हते.

डॉक्टरांनी भिंग लावून, बारीक कात्रीने एकेक वेढा कापून काढला. बोट राहिले. आणखी उशीर झाला असता तर राहिले नसते, असे ते म्हणाले. चिमट्याने काढलेला धागा त्यांनी कापसावर ठेवून मला दाखवला. तो लाल होता.

आम्ही घरी आलो तर ओसरीवर चर्चा चाललेली. मावशींच्या लुगड्याचा दोरा किंवा डोक्याचा केस न्हाऊ घालताना गुंडाळला असणार, असे आत्याने ठरवून टाकले होते. आईलाही ते पटले. उद्यापासून येऊ नका, असे मावशींना सांगण्यात आले. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. धागा मी पाहिला होता, मला कळले होते. पण चार दिवसांपूर्वी ज्यांनी त्या पायमोज्यांचे कौतुक केले, त्यांच्यापुढे माझे तोंड उघडले नाही. मी ते चुलीत टाकले. एका घरचे काम गेले म्हणजे तेवढ्याने थांबले नाही. गाव लहान. त्या हंगामात आणखी दोन बाळंतिणींकडे त्यांना बोलावले नाही. ज्या बाईच्या नजरेने माझ्या मुलीचे बोट वाचले, तिच्यावर तो आळ बावीस वर्षे राहिला.

भगिनींनो, तेव्हापासून माझ्या शिवण्याची रीत बदलली. बाळाचे काहीही शिवले की मी ते प्रथम उलटे करते. कपड्याची जी बाजू आपण सुलट म्हणतो ती पाहुण्यांसाठी असते. बाळाला ती दिसत नाही आणि लागतही नाही. त्याच्या अंगाला आतली बाजू लागते.

हे झबले बघा. चोवीस इंच लांब आणि बावीस इंच रुंद एवढ्या एका तुकड्यात होते. लांबीत मध्ये दुमडायचे, दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांच्या बाह्या सोडून खालचे कापड काढायचे, गळा घ्यायचा आणि पुढचा भाग मधोमध उघडायचा. डोक्यातून घालावे लागत नाही, म्हणून मान सावरलेली नसलेल्या बाळाला हेच बरे. शिवण मात्र मी बाहेरच्या अंगाला घेते. कडा बाहेर दुमडून बारीक टाक्यांनी बसवते, म्हणजे आतून हात फिरवला तर काही लागत नाही आणि सुटा दोराही राहत नाही. गळ्याला उरेब पट्टी, तीही बाहेर दुमडलेली. माझ्या जाऊबाईंनी पहिल्यांदा असे झबले पाहिले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बाई, घाईत उलटे घातलेत वाटते!" हसू द्यावे. नाड्या गळ्याशी लावू नयेत, छातीवर लावाव्यात, आणि त्या गाठ बसण्यापुरत्याच ठेवाव्यात. लांब नाडी मानेला वेढते. पिन नको, टिकली नको, मोत्याचे बटण नको. बाळाच्या हातून सुटलेली वस्तू तोंडात जाते.

लंगोटाला पाऊण वाराचा चौकोनी तुकडा पुरतो. तिरका दुमडला की झाले. दोन जुन्या धोतरांत डझनभर होतात. दुपट्याचे काही सांगत नाही, ते सर्वांना येते.

खणाची कुंची मी शिवते, कोणाला हौस असेल तर काठाला झालरही लावते. पण ती बारशाच्या वेळी अर्धा तास घालावी आणि बाळ झोपले की काढावी. झोपेत ती तोंडावर सरकते. मोहरीची उशीही आता मी शिवत नाही. डोके गोल व्हावे म्हणून ती आपण सगळ्यांनी वापरली. पण झोपताना बाळ उताणे असावे, तोंड उघडे असावे आणि पहिले वर्षभर उशी नसावी, असे डॉक्टर सांगतात. गेल्या वर्षी पुतणीच्या बाळंतपणात तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या आशाताईंनीही तेच सांगितले. सासूबाईंना ते आवडले नाही. मी त्या उशीतली मोहरी फोडणीला घेतली, तेव्हा वाद मिटला.

वाकळीविषयी थोडे जास्त बोलते, कारण ती माझी आवडती. बाळासाठी वार-सव्वा वाराची आणि तीनच पदरांची करावी, म्हणजे लवकर वाळते. मधला पदर विरलेला चालेल, पण वरचा धडका असावा. चारी कडा टाचून घ्याव्यात आणि बाहेरून आत चौकोनाने फिरत धावदोरा घालावा. आपली मोठ्या वाकळीची टीप लांब असते, कारण काम उरकायचे असते. बाळाच्या वाकळीला ती चालत नाही. लांब टिपेत बोट अडकते. तांदळाच्या दाण्याएवढी टीप घ्यावी, आणि दोरा संपला की गाठ पदरांच्या मध्ये लपवावी. दोरा कांडीवर उरलेल्या सुताचा दुहेरी करून घेतला तर पैसाही लागत नाही. ही टेबलावरची वाकळ मी दुपारच्या दोन-दोन तासांत बारा दिवसांनी पुरी केली. खर्च एका सुईचा. आणि ही वाकळ अंथरायची, पांघरायची नाही. लहान बाळाच्या तोंडावर जड पांघरूण येता कामा नये.

चिमणाळ्याची गंमत मला फार उशिरा कळली. पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या मी कित्येक वर्षे करीत होते. पंखांना झालर, पाठीवर टिकल्या. एके दिवशी धाकट्याच्या पाळण्याखाली काहीतरी पडले ते काढताना खालून वर पाहिले, तर सगळ्या चिमण्यांची नुसती पांढरी पोटे दिसत होती! पाठीवरची शोभा आम्हा मोठ्यांना. आता मी पोटावर काळे-पांढरे पट्टे आणि लाल ठिपके घालते, तेही दोऱ्याने भरून. अगदी तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचे बरे दिसते, आणि काळे-पांढरे त्याला लवकर समजते. तेवढ्या जवळ टांगायचे मात्र नाही. हात पोचणार नाही इतक्या उंचीवर घट्ट बांधावे, आणि चिमणी आपण हातात धरून त्याला दाखवावी. चिमणीत चिंध्या भराव्यात. धान्य भरले तर उंदीर येतात. मूल उठून बसायला धडपडू लागले की चिमणाळे उतरवून ठेवावे.

घरासाठी म्हणून फक्त पायपुसणे आणले आहे. कृत्रिम साड्यांच्या तीन बोटे रुंद पट्ट्या, त्यांची वेणी, आणि वेणीची चकती शिवलेली. हे आपल्या पुष्कळ भगिनींना येते. पण उलटून बघा, खाली जुन्या स्कूटरच्या ट्यूबचे चार तुकडे शिवले आहेत. फरशीवर पायपुसणे सरकते, आणि बाळ कडेवर असताना बाई पडली तर दोघांना लागते. तोरणे, झाकणे यांचे नमुनेही पुष्कळ आहेत, पण वेळ थोडा आहे.

माझ्या थोरलीला आता आठवा महिना लागला आहे. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. मी झबली शिवीत होते, आणि तिने लोकर मागितली. पायमोजे विणायचे होते. तेव्हा मी तिला सगळे सांगितले. तिने चप्पल काढून बोट पाहिले. त्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ अजून आहे. ती म्हणाली, "मला वाटायचे ही जन्मखूण आहे." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "आई, मावशींना कोणी सांगितले का?"

मावशी जाऊन सहा वर्षे झाली. त्यांची सून आता तेच काम करते. माझे माहेर इथून एस.टी.ने अर्ध्या तासावर आहे. मी गेले. ती भाजी निवडत होती. मी जे घडले ते सांगितले, माझ्या आईचे आणि आत्याचे नाव न झाकता सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आत्याबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, धागा लोकरीचा असणार." म्हणजे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी गावात माझे नाव घेतले नाही. मी तिला विचारले की, माझ्या मुलीच्या बाळाला न्हाऊ घालायला येशील का. ती लगेच हो म्हणाली नाही. घरात विचारून कळवते म्हणाली. परवा तिचा फोन आला, ती येणार आहे. रोजचे एस.टी.चे भाडे आम्ही द्यायचे ठरले आहे.

ही गोष्ट त्या गावातही मी अजून चारचौघींत सांगायची आहे. आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्या जमतील, तेव्हा सांगणार आहे. इथे आधी बोलले तर तिथे बोलणे थोडे सोपे जाईल, म्हणून आज सांगितले.

येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता याच जागी झबली बेतायला बसू. येताना प्रत्येकीने एक जुनी सुती साडी किंवा धोतर धुऊन आणावे. कात्र्या मी आणते. दोन पायमोज्यांचे नमुनेही आणीन, एकरंगी आहेत. ते आतून बघा.