राजघराण्याची चांदी : ठसा आणि पुरावा

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या चांदीच्या ताटावर वा सुरईवर राजचिन्ह कोरलेले दिसले, की ते भांडे राजाच्या मेजावर असले पाहिजे, असा समज सहज होतो. हा समज पारखून घेणे आवश्यक आहे. कारण धातूवरील खुणा पुष्कळ काही सांगतात, परंतु सर्व काही सांगत नाहीत.

पहिली खूण ठशाची. राजा पहिला एडवर्ड याच्या 1300 सालच्या कायद्याने भांड्यांची चांदी नाण्यांच्या चांदीइतकी, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध असावी असे ठरले आणि पारखलेल्या भांड्यावर बिबळ्याच्या मुखाचा ठसा उमटू लागला. 1478 पासून लंडनमध्ये वर्षदर्शक अक्षराची भर पडली. दुसरी खूण राजचिन्हाची. त्यातून 1801 साली फ्रान्सची लिलीची फुले वगळण्यात आली आणि 1837 साली व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यावर हॅनोव्हरची ढालही गेली. अशा रीतीने भांड्याचा काळ निश्चित करता येतो.

मात्र ते कोणाच्या मालकीचे होते, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. परदेशी जाणाऱ्या इंग्रज राजदूतांना राजाच्या जामदारखान्यातून राजचिन्हांकित भांडी दिली जात व त्यांपैकी बरीच त्यांच्याच घराण्यांत राहिली. उलटपक्षी, 1827 साली कर्जबाजारी अवस्थेत निधन पावलेल्या ड्यूक ऑफ यॉर्क या राजपुत्राची चांदी लंडनमध्ये जाहीर लिलावात विकली गेली. म्हणून अखेरचा निर्णय जामदारखान्याच्या नोंदी आणि लिलावाच्या याद्या यांवरूनच करावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बाराव्या शतकातील राज्याभिषेकाचा चमचा. तो ठशांच्या प्रथेपूर्वीचा आहे. परंतु वेस्टमिन्स्टर ॲबेच्या 1349 सालच्या यादीत त्याची नोंद आहे, आणि तेव्हाही तो जुन्या घडणीचा मानला जात होता. 1649 साली पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदानंतर राज्याभिषेकाच्या मौल्यवान वस्तू वितळवून त्यांची नाणी पाडण्यात आली. हा चमचा मात्र राजाच्या सेवेतील क्लेमेंट किनर्सली याने 16 शिलिंगांना विकत घेतला व पुढे दुसऱ्या चार्ल्सला परत केला. 2023 साली तिसऱ्या चार्ल्सच्या अभिषेकातही तोच वापरण्यात आला.

तेव्हा ज्यांच्या संग्रही जुनी चांदी असेल, त्यांनी भांड्याइतक्याच काळजीने त्याच्या पावत्या व याद्या जपाव्यात. त्या हरवल्या, तर भांड्याचे केवळ वजन तेवढे उरते.