दयेला गणतीची जोड



नर्मदेच्या सान्निध्यात वसलेल्या जबलपूर शहरात पावसाळा सरून थंडी पडू लागली, म्हणजे गल्लीबोळांतून कुत्र्यांची नवजात पिल्ले दृष्टीस पडू लागतात. काही विटांच्या ढिगाच्या आडोशाला, काही बंद दुकानाच्या पायरीखाली, तर काही उभ्या मोटारीच्या चाकाआड. हा योगायोग नव्हे. भारतातील रस्त्यावरच्या माद्या बहुधा पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस माजावर येतात. गर्भ सुमारे ६३ दिवस वाढतो. साहजिकच बहुतेक प्रसूती हिवाळ्याच्या तोंडावर होतात. या पिल्लांपैकी पुष्कळशी वर्षाच्या आतच मरतात. थंडी, भूक, पोटातील जंत, विषाणूंचे रोग आणि वाहनांची चाके ही त्या मरणाची नेहमीची कारणे होत. जी वाचतात, ती वर्षभरात वयात येतात आणि तेच चक्र पुन्हा फिरू लागते.

असे एखादे पिल्लू उचलून घरी नेणारा, जखमी कुत्र्याला पाठीवर गोणपाट टाकून दवाखान्यात पोहोचविणारा, मांजरीच्या चार पिलांसाठी घर शोधीत हिंडणारा माणूस प्रत्येक वस्तीत आढळतो. कोणी महाविद्यालयातील विद्यार्थी असतो, कोणी गृहिणी, तर कोणी निवृत्त कारकून. त्याला वेतन नसते आणि शेजाऱ्यांची बोलणी मात्र खावी लागतात. त्याच्या दयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो एवढ्याचाच, की ही दया कोणत्या मार्गाने गेली असता खरोखरी फलदायी होईल.

दयेची परंपरा या देशाला नवी नाही. स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडून जाण्यास नकार देणारा युधिष्ठिर सर्वांना ठाऊक आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितले जातात. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री असतात, आणि खंडोबाच्या दैवतपरिवारातही कुत्र्याला स्थान आहे. परंतु या परंपरेने एका प्राण्याला घास कसा द्यावा हे शिकविले. शेकडो प्राण्यांची व हजारो माणसांची दाटी असलेल्या शहरात दोघांनी एकत्र कसे राहावे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. तो शहरांबरोबर आला.

या प्रश्नाला सत्तेने दिलेले पहिले उत्तर होते ठार मारण्याचे. मुंबईत कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या आशेने शिपाई घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ज्या पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे, त्याच्या भावना विशेष दुखावल्या आणि जून १८३२ मध्ये कोटभागात दंगल उसळली. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली, आणि हिंदू, जैन इत्यादी समाजांतील लोकही निषेधात सामील झाले. पुढे नागरिकांचा अर्ज आल्यावर सरकारने काहीसे नमते घेतले. तथापि मारण्याची पद्धत त्यामुळे देशातून गेली नाही. अनेक नगरपालिकांनी ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालविली.

मारण्यामागील भीती मात्र खोटी नव्हती, हे प्राणिमित्रांनी प्रथम मान्य केले पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक ठरतो. पास्तर यांनी १८८५ मध्ये या रोगावरील लस प्रथम मनुष्यास टोचली. हिंदुस्थानात १९०० साली कसौली येथे त्यांच्या नावाची संस्था निघाली. लस हाती येऊन शतकाहून अधिक काळ लोटला, तरी २००३ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील रेबीजच्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे २०,००० इतका निघाला. २०२२-२३ च्या पाहणीत हा अंदाज सुमारे ५,७०० वर आला. आकडा घटला हे खरे. परंतु यांतील प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता. पायी शाळेत जाणारी, अंगणात किंवा उकिरड्याजवळ खेळणारी गरिबांची मुले या रोगाला विशेष बळी पडतात. ज्या दयेत या मुलांना स्थान नाही, ती अपुरी दया होय.

मग मारण्याने हा रोग का हटला नाही? कारण कुत्र्यांची संख्या ठरते ती वस्तीत मिळणाऱ्या अन्नावर. उघडा कचरा, खाटिकखान्याबाहेरील अवशेष, खाणावळींचे खरकटे जेथवर आहे, तेथवर त्या जागेला ठरावीक कुत्री पोसण्याची ताकद असते. काही मारली किंवा हलविली, तर शेजारच्या भागांतून नवी येतात, आणि उरलेल्यांची पिल्ले अधिक प्रमाणात जगतात. ही नवी कुत्री लस न टोचलेली असतात. म्हणजे श्रम व खर्च होऊन हाती येते ते पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे टोळके.

याच निरीक्षणातून दुसरे उत्तर पुढे आले. मद्रासच्या ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ मध्ये असे सुचविले, की कुत्र्यांना पकडून त्यांचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी आणि त्यांना पुन्हा त्यांच्याच जागी सोडावे. ही कल्पना मान्य होण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. २००१ मध्ये केंद्र सरकारने यासंबंधी नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

कुत्र्याला परत त्याच जागी का सोडावयाचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की निर्बीजीकरण झालेले व लस टोचलेले कुत्रे आपल्या हद्दीत परक्या कुत्र्याला सहजासहजी शिरू देत नाही. ते प्रजा वाढवीत नाही, रोग पसरवीत नाही आणि जागा मात्र अडवून धरते. लसीचा उपयोगही येथेच होतो. वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. राजस्थानातील जयपूर शहरात नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात एका स्वयंसेवी संस्थेने ठरावीक भागात सातत्याने असे काम केले. त्या भागातील सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि तेथील माणसांमधील रेबीजच्या रुग्णांची संख्या शून्यावर आली. शहराच्या ज्या भागांत हे काम झाले नव्हते, तेथे तशी घट झाली नाही.

जयपूरच्या या अनुभवात जबलपूरकरांसाठी एक बोध आहे. तेथील यशाचे कारण शस्त्रक्रियांची एकूण संख्या हे नव्हते. ठरविलेला प्रदेश पुरा केला, हे होते. साध्या अंकगणिताने हे पटेल. समजा, एखाद्या मोहल्ल्यात ४० कुत्री आहेत आणि त्यांत २० माद्या आहेत. दहा माद्यांची शस्त्रक्रिया झाली आणि दहा राहिल्या. राहिलेल्या प्रत्येकीला पाच पिल्ले झाली आणि त्यांतले एकच जगले असे धरले, तरी वर्षअखेर दहा नवी कुत्री तयार होतात. तेवढ्यात दहा जुनी मेली, तर संख्या होती तेथेच राहते. उलट अठरा माद्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर नवी दोनच जगतात आणि मेलेल्यांची जागा भरून निघत नाही. आता याच अठरा शस्त्रक्रिया अठरा निरनिराळ्या मोहल्ल्यांत एकेक अशा वाटून टाकल्या, तर कोठेच काही फरक पडणार नाही. खर्च तोच, श्रम तेच, दयाही तीच. फरक असतो तो गणतीचा.

जबलपुरात ही गणती कठीण होते, कारण शहर एका सत्तेखाली नाही. नगर निगमाची हद्द संपते तेथे छावणी परिषदेची सुरू होते. तोफा-गाड्यांचा कारखाना व खमरिया येथील आयुध निर्माणी यांच्या विस्तीर्ण वसाहती आहेत. रेल्वेच्या वसाहती आहेत. कागदावरील या रेषा कुत्र्यांना ठाऊक नसतात. एका बाजूस काम झाले आणि दुसऱ्या बाजूस झाले नाही, तर वर्षा-दोन वर्षांत पहिल्या बाजूचे कष्ट वाया जातात. या निरनिराळ्या कचेऱ्यांना एका कामासाठी एकत्र आणणे, हे कोणत्याही जखमी प्राण्याला वाचविण्याइतकेच दयेचे काम आहे. कचऱ्याच्या व्यवस्थेचेही तसेच. कठौंदा येथे कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प २०१६ मध्ये उभा राहिला. परंतु कुत्र्यांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते घरातून निघालेला कचरा वाटेत किती वेळ उघडा पडतो याला.

दुसऱ्या बाजूने पाहता जबलपूर भाग्यवान आहे. येथे १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ज्या विद्यापीठाचे ते आज अंग आहे, त्याला मराठवाड्यातील कडोळी गावी जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव आहे. शस्त्रक्रिया हे शिकलेल्या हातांचेच काम होय. मादीचे गर्भाशय व बीजकोश काढावे लागतात. नराचे वृषण काढतात. त्यानंतर निदान चार दिवस स्वच्छ जागी देखरेख लागते. जखम उसवली, पू झाला, तर दयेच्या नावाने क्रौर्य घडते. म्हणून स्वयंसेवकाने शस्त्रक्रियांचा वेग वाढविण्याचा आग्रह धरण्यापूर्वी पिंजरे, औषधे व देखरेख यांची तजवीज पाहावी.

स्वयंसेवकाचे खरे बळ निराळ्या ठिकाणी आहे. रोज ठरावीक वेळी खाऊ घालणाऱ्या माणसाजवळ कुत्री विश्वासाने येतात. पालिकेच्या गाडीला पाहून पळणारे कुत्रे त्याच्या हाती सहज लागते. कोणती मादी गाभण आहे, कोणती पिल्लांना पाजते आहे, कोणते कुत्रे नवे आले, कोणाची चाल बदलली, हे त्यालाच ठाऊक असते. त्याने एक साधी वही ठेवावी. तीत रंग, लिंग, कानावरील खाच, लस टोचल्याचा दिवस यांची नोंद असावी. निर्बीजीकरणाविना नुसते खाऊ घालणे म्हणजे पुढील हिवाळ्यातील पिल्लांची तयारी करणे होय. शाळेच्या दारात, जिन्याच्या तोंडाशी किंवा रहदारीच्या रस्त्यावर खाऊ घालणे म्हणजे शेजाऱ्यांना शत्रू करणे होय.

पिल्लांना व मांजरांना घरे शोधून देण्याच्या कामाला मर्यादा आहेत. परदेशी जातीचे कुत्रे विकत घेणारी कुटुंबे गल्लीतल्या पिल्लाकडे पाहत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. कारण या हवेला व आहाराला तेच अधिक सोसते. तथापि मागणीहून पिल्ले नेहमीच अधिक असणार. म्हणून घर शोधावे ते अनाथ, अपंग किंवा रस्त्यावर जगू न शकणाऱ्या प्राण्यासाठी. आणि देताना वेळ आल्यावर निर्बीजीकरण करण्याचे वचन घ्यावे. आई खाणे शोधावयास गेली असता पिल्ले उचलून नेणे ही नेहमी घडणारी चूक आहे. काही तास दुरून वाट पाहिल्यास ती बहुधा टळते. मांजरी तर अनुकूल दिवसांत वर्षातून अनेकदा वितात. एका घरात दहा, वीस, तीस मांजरे गोळा होतात, त्यांच्यात रोग पसरतात आणि वाचविणाराच एके दिवशी हतबल होतो. नाही म्हणता येणे, हेही या कामातील एक कौशल्य आहे.

लोकांच्या भीतीची दखल आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. दिल्ली परिसरातील कुत्री उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश त्याने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, पिसाळलेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस व शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडावे, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवावीत आणि तेथे पुन्हा सोडू नयेत, असा आदेश झाला. या आदेशांविषयी मतभेद आहेत. परंतु काम जेथे अर्धवट राहते, तेथे समाजाचा धीर सुटतो आणि मुक्या प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे कोणी ऐकत नाही, हे त्यांवरून स्पष्ट होते.

चावा घेतला गेल्यास काय करावे, हे प्रत्येक स्वयंसेवकाने आपल्या मोहल्ल्यात घरोघर सांगितले पाहिजे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना किंवा हळद भरू नये. विलंब न लावता रुग्णालयात जावे आणि लसीच्या सर्व मात्रा नेमलेल्या दिवशी घ्याव्यात. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आवश्यक असते. कुत्री हाताळणाऱ्याने स्वतः आधीच लस घेऊन ठेवावी. ज्याने एका मुलाला वेळेवर रुग्णालयात नेले, त्याच्या शब्दाला त्या गल्लीत वजन येते, आणि मग तेथील कुत्र्यांचेही रक्षण होते.

शेवटी पुन्हा थंडीतील त्या पिल्लांकडे वळावे लागते. डिसेंबरच्या रात्री कुडकुडणारे पिल्लू पाहून मन द्रवते आणि ते द्रवलेच पाहिजे. परंतु त्याचे दुःख टाळण्याची वेळ डिसेंबर ही नव्हे. ती असते पावसाळ्यापूर्वी, मे-जूनच्या उन्हात, जेव्हा रस्त्यावर पिल्ले दिसत नाहीत, कोणाच्या मनाला पाझर फुटत नाही आणि वर्गणी मागितली तर दारे बंद होतात. त्या दिवसांत वही घेऊन मोहल्ल्यातील शेवटची मादी शोधीत फिरणारा माणूस कोणाच्या लक्षात येत नाही. येणाऱ्या हिवाळ्यात त्या गल्लीतील पायऱ्यांखाली पिल्ले नसतात, एवढीच त्याच्या कामाची खूण असते.