गुरांचा दवाखाना : सरकारचा की खासगी?

वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. शेतकऱ्याला मात्र नदीपलीकडचा आर्वीचा मुलूख आणखी एका कारणाने परिचित असतो. चपळ चालीचा गवळाऊ बैल त्या टापूतला. असा बैल ऐन पेरणीत आजारी पडला, तर उपचार कोणी करावा आणि त्याचे दाम कोणी मोजावे? शहरातील श्रोत्यांना हा प्रश्न दूरचा वाटेल. पण सकाळच्या चहातले दूध अशाच गोठ्यांतून येते. या प्रश्नाला ‘सरकार व खासगी व्यवसायी यांची भागीदारी’ असे उत्तर देण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. ते पारखून घेणे बरे.

कल्पना तशी नवी नव्हे. मुंबईस परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून गुरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली. तिने कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारात नेली. गायीचा माज दिवसभराहून फारसा अधिक टिकत नाही. दवाखान्याची वाट तुडवीपर्यंत वेळ निघून जाई. ही अडचण त्या संस्थेने ओळखली, आणि तिच्या यशाचे मर्म यातच आहे.

तथापि रेतन आणि रोगप्रतिबंध या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. वासरू जन्मले तर लाभ मालकाचा. त्यासाठी तो आनंदाने चार पैसे देईल. लस टोचल्याने मात्र शेजाऱ्याचे गुरूही वाचते, आणि शेजाऱ्यासाठी खिशात हात घालणारा विरळा. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने जळगाव, अकोला, बुलढाणा, अमरावती या भागांत हाहाकार केला, तेव्हा सरकारने लस विनामूल्य दिली. टोचण्यास खासगी पशुवैद्यांचेही हात लागले. मेलेल्या गायीस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये साहाय्य ठरले. लस व खर्च सरकारचा, हात मिळतील त्यांचे, अशी ही वाटणी होती आणि ती योग्यच होती. २०११ साली जगातून नाहीशी झालेली बुळकांडी घ्या. इथिओपियाच्या अफार प्रदेशात सरकारी माणसे पोहोचत ना, म्हणून गुराख्यांतलीच माणसे शिकवून त्यांच्या हाती उष्णतेत टिकणारी लस देण्यात आली.

खरी अडचण करारात असते. १९६२ हा क्रमांक फिरवला की फिरता दवाखाना दारी यावा, अशी केंद्राची योजना आहे. एक लाख जनावरांमागे एक गाडी. अनेक राज्यांत ती चालविण्याचे काम खासगी संस्थांकडे सोपविले जाते. मोबदला फेऱ्यांवर ठरला, तर गाडी सडकेवरच्या गावाकडे आधी वळणार. आडगावच्या विधवेची शेळी शेवटी. रेतने मोजली, तर वासरे किती झाली हे कोणी विचारीत नाही. आणि संकरित वासरांच्या गर्दीत गवळाऊ वळू उरला की नाही, हे तर कोणत्याच रकान्यात मावत नाही.

१९८४ च्या कायद्याने किरकोळ उपचार पदविकाधारकास करू दिले, पण नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. भागीदारीने सरकारी डॉक्टराचे काम हलके होते, हा समज म्हणूनच फसवा आहे. खासगी माणसाने काय केले हे गोठ्यात जाऊन पाहणारा तोच. त्याची खुर्ची रिकामी असेल, तर बिले तपासणार कोण? मृगापूर्वी टोचावयाची घटसर्पाची लस श्रावणात टोचली, तरी नोंदवहीतला आकडा तेवढाच भरतो.