रतांब्याचा पैसा कोठे अडतो?



कोकणात मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा म्हणजे आभाळाकडे बघत काढावयाचे दिवस. रतांबे झाडावर लालभडक पिकलेले असतात आणि मृग दाराशी येऊन ठेपलेला असतो. पाऊस चार दिवस आधी आला, की पिकलेले फळ झाडाखालीच कुजून जाते.

वास्तविक रतांब्यासारखे गुणी फळ विरळा. साल मिठाच्या रसात बुचकळावी, उन्हात वाळवावी, पुन्हा बुचकळावी, पुन्हा वाळवावी, की झाले आमसूल. रस मीठ घालून ठेवला की आगळ. सालींत साखर भरली की अमृत कोकम. उरलेल्या बियासुद्धा वाया जात नाहीत. त्यांचे तेल निघते. थंडीत फुटलेल्या टाचांना आपण लावतो ते मुठेल हेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात काढली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळ आहे, विद्या आहे, नावही आहे. मग बायांच्या हाती पैसा का राहत नाही?

पुष्कळ गावांतून काय घडते ते पाहा. दहा-बारा बाया एकत्र येऊन बचत गट काढतात. दोन दिवसांचे शिक्षण होते. मग कर्ज निघते, यंत्र येते, बाटल्या भरल्या जातात. आणि सर्वांत शेवटी प्रश्न निघतो, ‘हे आता घेणार कोण?’ तालुक्याच्या प्रदर्शनात चार दिवस बरा खप होतो. प्रदर्शन उठले, की बाटल्या माळ्यावर जातात. हप्ता मात्र माळ्यावर ठेवता येत नाही हो! तो महिन्याच्या महिन्याला दारात उभा. मग कोणी भात-लावणीच्या मजुरीतून भरते, कोणी कोंबड्या विकून. गट मोडतो तो असा. आणि गट मोडला, की त्या बाया पुन्हा एकत्र यायला धजत नाहीत. बुडालेल्या पैशापेक्षा हे नुकसान मोठे.

माझे म्हणणे एवढेच, की येथे क्रम चुकला. आधी गिऱ्हाईक, मग शिक्षण, मग कर्ज, असा क्रम हवा.

गिऱ्हाईक दूर शोधावे लागत नाही. तालुक्याच्या गावी खानावळ असते. तिच्या मालकाला फाल्गुनातच विचारावे, ‘तुम्हाला महिन्याला आगळ किती लागते?’ तो सांगेल, ‘दहा लिटर घेईन, पण आंबटपणा दर खेपेला सारखा पाहिजे.’ गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात. त्यांना परत जाताना आमसुले न्यावयाची असतात. मात्र कोरडी, स्वच्छ पुडीतली. अशी दहा ठिकाणे विचारून वहीत लिहिली, म्हणजे किती माल करावयाचा आणि कसा, हे दोन्ही कळले.

आता शिक्षणालाही अर्थ आला. ‘आंबटपणा सारखा’ म्हणजे मीठ मुठीने नव्हे, वजनाने घालावयाचे. रस आंबट, म्हणून तांब्यापितळेच्या वा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवावयाचा नाही. अमृत कोकमात साखर कमी पडली, तर बाटली आंबून फसफसते. बाटलीवर वजन, तारीख आणि आत काय काय आहे ते लिहावे लागते. 2006 सालच्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहान गटालाही नोंदणी करून घ्यावी लागते. या गोष्टी दोन दिवसांत कानांवरून जातात. हातात बसतात त्या एका हंगामात. म्हणून शिकवणाऱ्याने मे महिन्यात प्रत्यक्ष पातेल्यापाशी उभे राहिले पाहिजे.

कर्ज शेवटी. 1992 साली नाबार्डने 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला आणि तारण नसलेल्या बायांना बँकेची वाट मिळाली. 2020 साली निघालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चावर 35 टक्के अनुदान आणि गटातील सभासदामागे 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलेले होते. सोय उत्तम. पण एक ध्यानात घ्या. रतांबे, साखर, बाटल्या यांना पैसा लागतो तो मे महिन्यात. आमसुले खपतात गणपतीपासून पुढे, आणि सरबताला खरी मागणी पुढच्या उन्हाळ्यात. अशा कर्जाचा हप्ता जूनपासून सुरू झाला, तर गट माल मिळेल त्या भावात व्यापाऱ्याच्या गळ्यात घालणार. तेव्हा बँकेत जाताना विक्रीची वही बरोबर न्या आणि हप्ते विक्रीच्या महिन्यांत बांधून मागा. यंत्र पहिल्या वर्षी घेऊच नका म्हणा ना! मागणी हातांना आवरेनाशी झाली, की मगच घ्या.

मुंबईचेच एक उदाहरण सांगतो. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. म्हणजे गिऱ्हाईक आधीच ठाऊक होते. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम चार महिने बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम चालू राहिले. त्यांचे सल्लागार छगनलाल पारेख यांचा आग्रह दोन गोष्टींचा: माल एकाच प्रतीचा, आणि हिशेब चोख. तीच पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशभर माहीत झालेली संस्था.

हिशेबाचे नाव निघाले, म्हणून गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गटाची वही महिन्यातून एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. सातवीच्या मुलांना गणित म्हणून एका बाटलीचा खर्च काढावयास सांगा. फळ, साखर, सरपण, बाटली, चिठ्ठी, एस.टी.चे भाडे, फुटलेल्या बाटल्या, सगळे धरा. आणि बायांची रोजची मजुरी विसरू नका! ती धरली नाही, तर वहीत जो नफा दिसतो तो नफा नसतोच. ती न दिलेली मजुरी असते. हे गणित एखाद्या मुलीने घरी जाऊन आईला समजावून दिले, तर आई पुढच्या खेपेला भाव सांगताना अडखळणार नाही.

तेव्हा येत्या हंगामाची तयारी एका कोऱ्या वहीने करा. पहिल्या पानावर कर्जाची रक्कम लिहू नका. तेथे गिऱ्हाइकांची नावे लिहा, आणि प्रत्येकाच्या पुढे त्याला काय, किती आणि केव्हा हवे ते. ते पान भरले, म्हणजे मगच दुसरे उलटा.